तोंड भिंतीकडे

सहलीच्या बसवर एकोणीस वर्षं काढून ड्रायव्हर निवृत्त झाला, तेव्हा आगारातल्या मंडळींनी त्याला घड्याळ दिलं नाही की पेन दिलं नाही. त्याच्याच बसची दोन तिकिटं दिली. रविवारची, तळ्याकाठच्या गावची, जोडीनं. "जन्मभर पुढे बसलात, आता एकदा ऐटीत मागे बसून जा," असं त्याच्या जागी येणारा नवा ड्रायव्हर म्हणाला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या ड्रायव्हरनंही वाजवल्या. पण हातातला केकचा तुकडा काही त्याच्यानं संपला नाही.

का, ते सांगायचं तर आधी त्याच्या थापा सांगायला हव्यात.

ते गाव द्राक्षांचं. उतारावर मळे, खाली तळं, मधल्या सपाटीवर वाइनची कोठारं. रविवारी शहरातली माणसं यायची, चार ठिकाणी चार घोट घ्यायची, काठानं फिरायची आणि साडेतीनला लालबुंद होऊन बसमध्ये चढायची. त्यांना आणणारा-नेणारा हा. पण स्वतः गावात म्हणून त्यानं एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. त्याच्या आधीचा ड्रायव्हर एकदा "नुसती चव बघतो" म्हणून उतरला होता आणि परतताना त्यानं बस सरळ मळ्यात घातली होती. तेव्हापासून मालकांचा नियम: तिथं पोचल्यावर ड्रायव्हरनं केबिन सोडायची नाही. फार तर समोरच्या भिंतीतल्या दारातून मोरीपर्यंत जायचं आणि परत यायचं. दुसरा कोणी असता तर मालकाची पाठ वळताच पाय मोकळे करून आला असता. पण नियम मोडायला छाती लागते, आणि ह्याच्या छातीवर फक्त शर्टाचा खिसा होता. हे मी म्हणत नाही, तोच सांगतो, आणि सांगताना सगळ्यात मोठ्यानं तोच हसतो.

बरं, केबिनमधून तरी काही दिसावं! गाडीतळ कोठाराच्या मागच्या अंगाला. बसचा धूर पिंपांकडे गेला की वाइनला वास लागतो, म्हणून तिथला राखणदार बस आत शिरली की हात उंच करून ओरडायचा, "तोंड भिंतीकडे!" म्हणजे धुराडं तळ्याकडे आणि ड्रायव्हर भिंतीकडे. शाळेत खोडी काढली की मास्तर असं उभं करायचे. ह्याला खोडी न काढता एकोणीस वर्षं. दोन्ही अंगांना दुसऱ्या बसेस. मोरीच्या दारातून परत येताना समोर आपल्याच बसचं नाक. मागच्या काचेवर कंपनीनं द्राक्षांचा भलामोठा घड चिकटवलेला. आत वळताना मान फिरवली असती तर तळं क्षणभर दिसलंही असतं, पण त्या चिंचोळ्या जागेत बस वळवताना डोळे चारही कोपऱ्यांवर. मग अकरापासून साडेतीनपर्यंत समोर भिंत, आणि भिंतीचा कंटाळा आला की बाजूचे दोन आरसे. डाव्या आरशात घड्याळाचा मनोरा. उजव्या आरशात होड्यांचा धक्का, आणि धक्क्याशेजारी एका वाकड्या झाडाखाली हिरवा बाक.

पहिल्याच रविवारी घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "कसं आहे हो गाव?"

आता दिवसभर भिंत बघितली, असं कोण सांगेल? नोकरी नवी, ऐट नवी. म्हणाला, "काय सांगू तुला! तळ्याकाठी झाडाखाली एक हिरवा बाक आहे. वारा असा सुटलेला! तिथंच बसून डबा खाल्ला."

झालं. थापेचं असं असतं, एकीला सोबत म्हणून दुसरी लागते. मागच्या सीटवर कोणी म्हणालं की पाणी काय गार आहे, की घरी येईपर्यंत ह्याचे पाय त्या पाण्यात बुडून निघालेले असायचे. कोणी म्हणालं, बदकं अगदी हातातून खातात, की त्या रविवारी बदकांनी ह्याच्या हातातून खाल्लं. बायको ऐकत बसायची. ती भरतकाम करायची, उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, लोकांच्या ऑर्डरी. तिचे हात चालू आणि कान ह्याच्याकडे. दर रविवारी डब्याबरोबर एक धुतलेला रुमाल द्यायची, बाक ओला असला तर अंथरायला.

दुसऱ्या वर्षी ती म्हणाली, "अहो, मी येऊ का एकदा? तुमच्या शेजारची क्लीनरची सीट रिकामीच असते ना?"

ह्याच्या अंगाला दरदरून घाम. ती आली तर काय बघणार? नवरा केबिनमध्ये पाय आखडून भिंतीकडे तोंड करून अंडं सोलतोय, हे! म्हणाला, "ती सीट मोडलीय." पुढच्या वर्षी सीझन होता. त्याच्या पुढच्या वर्षी रस्त्याचं काम. मग "पुढच्या वर्षी नक्की" हेच इतक्यांदा झालं की तिनं विचारणं सोडलं. आणि मधल्या मध्ये तिचे गुडघे गेले. विचारलं तेव्हा ती जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढायची. आता पाचशे पावलं झाली की गुडघे संपावर जायचे.

यायचं जमेना तेव्हा तिनं एक केलं. ह्यानं सांगितलेलं गाव कापडावर काढायला घेतलं. रिकाम्या वेळात तीन वर्षं खपत होती. टेबलक्लॉथच्या डाव्या हाताला मनोरा, उजव्या हाताला धक्का, तीन होड्या, वाकडं झाड, हिरवा बाक, आणि बाकावर टोपी घातलेला एक ठिपका. तो ठिपका म्हणजे हा. मनोऱ्याच्या घड्याळात काटे कुठं दाखवू, म्हणून तिनं विचारलं तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "एक वाजलेला दाखव. ते घड्याळ बिघडलंय गं. मी अकराला पोचतो, ते एक दाखवतं. निघताना साडेतीन, तर तिथं साडेआठ. एवढं देखणं गाव, पण घड्याळ दुरुस्त करायला माणूस नाही!"

तर अशी सगळी मौज, आणि त्यात ही दोन तिकिटं. बायकोनं तो टेबलक्लॉथ इस्त्री करून पिशवीत ठेवला. म्हणाली, "बाकी मला काही नको. तुमच्या बाकावर हा अंथरायचा आणि दोघांनी डबा खायचा." तिला एवढंच हवं होतं. आणि ह्याला एवढंच, की तिला काही कळू नये.

रविवारी दोघं तिसऱ्या रांगेत बसले. मागे बसून जायची ऐट पहिल्याच सिग्नलला संपली. नव्या ड्रायव्हरनं ब्रेक मारायच्या आत ह्याचा पाय जमिनीत रुतायचा. वळण आलं की हात हवेत. पुढच्या सीटवरच्या बाई दोनदा मागे वळून बघून गेल्या, कारण तो त्यांच्या पाठीत क्लच दाबत होता. नवा ड्रायव्हर मात्र शीळ घालत मजेत चालवत होता. तो पूर्वीचा गॅरेजातला मेकॅनिक, गोलमटोल, टकला, त्याला कसली म्हणून काळजी नाही.

अकराला बस गाडीतळावर शिरली. "तोंड भिंतीकडे!" राखणदार ओरडला. दोघं उतरून बसच्या मागे आले आणि ड्रायव्हरनं एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ते तळं आरशाच्या चौकटीबाहेर बघितलं. केवढं होतं! आरशात हाताच्या पंजाएवढं मावायचं. त्याच्या तोंडून "अबब!" निघणारच होतं, ते त्यानं खोकल्यात घालवलं. जिथं आपण नऊशे वेळा आलो, तिथं अबब म्हणून कसं चालेल?

"अहो, घड्याळ बघा," बायको म्हणाली. "बरोबर अकरा वाजलेत."

"दुरुस्त केलं वाटतं," ड्रायव्हर म्हणाला. "बरं झालं. चल, बाक इकडे, उजवीकडे."

आणि ताठ मानेनं निघाला. उजव्या आरशात बघितलेलं उजवीकडेच असणार ना! ट्रकवाले, रिक्षावाले, सायकलवाले, सगळ्यांना आरशात बघून बरोबर चुकवणारा माणूस, पण आपण पाठमोरं बघत होतो आणि आता तोंड फिरवलंय, हे काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही. शंभर पावलं झाली, बाक नाही. दोनशे झाली, धक्का नाही. समोर मनोरा मात्र मोठा मोठा होत चालला.

"मनोरा तर डावीकडे होता ना?" बायको म्हणाली.

"रस्ता वळलाय थोडा."

"आणि झाड?"

"तोडलं असेल. हल्ली कुणाला झाडं नकोच असतात."

"धक्कासुद्धा तोडला?"

सुंभ जळतो, पण पीळ जात नाही. गाव किती बदललं, माणसं कशी बेपर्वा झाली, ह्यावर तो आणखी तीनशे पावलं बोलला. बायकोचं पाऊल आखूड पडायला लागलं होतं आणि पिशवी ती ह्या हातातून त्या हातात घेत होती. मनोऱ्याच्या पायथ्याशी आल्यावर ती थांबली, गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आता नाही हो." तेव्हा मात्र ड्रायव्हरचं तोंड खर्रकन उतरलं.

शेजारीच वाइनची चव देण्याची खोली होती. बायकोला त्यानं तिथल्या खुर्चीवर बसवलं. दोन पिंपांवर फळी टाकलेली, तिच्यामागे ॲप्रन घातलेली बाई पेले पुसत होती. बसलात म्हणजे चव घ्यायला आलात, असं धरून तिनं दोन पेल्यांत दोन बोटं वाइन ओतली. ड्रायव्हर आयुष्यात पहिल्यांदा गावची वाइन हातात धरत होता. एकोणीस वर्षं प्रवाशांच्या तोंडून तिचं कौतुक ऐकून तो मनाशी म्हणत आला होता, असेल आंबटच. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, हे त्यालाही कळत होतं. आता त्यानं घोट घेतला. आणि काय सांगू, खरंच आंबट होती!

"ह्या वर्षीची आहे. मुरायला वेळ लागतो," ॲप्रनवाली बाई हसून म्हणाली. "काठानं फिरलात की नाही?"

"हिरवा बाक शोधतोय," बायको म्हणाली. "वाकड्या झाडाखालचा."

"मग इकडे कुठे आलात? तो तिकडे धक्क्यापाशी. गाडीतळावर उतरलात की डावीकडे शंभरएक पावलं. आहे तिथंच आहे, मी लहान होते तेव्हापासून."

ड्रायव्हरनं पेल्याच्या तळात बघायला सुरुवात केली. चोराच्या मनात चांदणं. त्याला वाटलं, आता ती विचारणार. पण बायको "चला" एवढंच म्हणाली. परतीची वाट त्यांनी थांबत थांबत, भिंतीला धरत काढली. गाडीतळावर येईपर्यंत साडेबारा होऊन गेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण असा वळसा दुखऱ्या गुडघ्यांना घालायला लावणारा एखादाच.

कोठाराच्या भिंतीतल्या दाराला एक पायरी होती. बायको तिच्यावर टेकली. नव्या ड्रायव्हरनं बस दारापासून जरा बाजूला लावली होती, त्यामुळे समोर दोन बसच्या मधून तळं दिसत होतं. तिनं पिशवीतून टेबलक्लॉथ काढला, मांडीवर पसरला, आणि एकदा कापडाकडे, एकदा तळ्याकडे बघायला लागली. कापडावर मनोरा डावीकडे. समोर उजवीकडे. कापडावर धक्का उजवीकडे. समोर डावीकडे, त्याच्याशेजारी वाकडं झाड, तोडलेलं वगैरे काही नाही. तिनं कापड उचललं आणि उलटं केलं. मागची बाजू, गाठींची, धाग्यांच्या टोकांची, जी ती गिऱ्हाइकाला कधी दाखवायची नाही. त्या बाजूला मनोरा उजवीकडे होता. धक्का डावीकडे. आणि गाठींमधल्या घड्याळात एक नव्हता वाजला, अकरा वाजले होते.

ती भरतकाम करणारी बाई. छाप उलटा उमटला की काय होतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिनं बसच्या बाजूला लावलेल्या आरशाकडे बघितलं, मग समोरच्या भिंतीकडे, मग नवऱ्याकडे.

"अहो," ती म्हणाली, "हे सगळं तुम्ही आरशात बघितलंत."

एकोणीस वर्षांत त्याला थाप सुचली नाही असं पहिल्यांदाच झालं. त्यानं टोपी काढली. नियमाचं सांगितलं, भिंतीचं सांगितलं, मागच्या सीटवरून उचललेल्या बदकांचंही सांगितलं. "बाकावर मी एकदाही बसलो नाही," तो म्हणाला. "डबा केबिनमध्येच खायचो."

त्याला वाटलं, ती थापांवरून रागावेल. तशी ती रागावलीच, पण भलत्याच जागी.

"म्हणजे ती सीट मोडलेली नव्हती," ती म्हणाली.

"कुठली?"

"क्लीनरची. मी दुसऱ्या वर्षी विचारलं होतं. तेव्हा मी धावत आले असते. मला बाक नको होता हो. मी आपली त्या सीटवर बसले असते, भिंत तर भिंत. एकोणीस वर्षं तुम्ही इथं एकटे जेवलात, मी तिथं एकटी जेवले. कशासाठी? तर तुमची ऐट राहावी म्हणून." तिनं तोंड फिरवलं.

ड्रायव्हरला रडू आलं. आपण मूर्ख आहोत हे त्याला ठाऊक होतं, त्यावर तो रोज हसायचाही. पण आपल्या मूर्खपणाची किंमत दुसऱ्याच कोणाच्या गुडघ्यांनी मोजली, हे काही हसण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला, "चुकलो गं." एवढंच म्हणाला.

थोड्या वेळानं ती स्वतःच उठली. "चला, निदान बाक तरी बघू."

शंभर पावलं. खरंच शंभरच. आणि बाकावर, झाडाच्या सावलीत, बूट काढून पाय पसरून, शीळ घालत डबा खात कोण बसलं होतं? नवा ड्रायव्हर!

"अरे, तू केबिन सोडून इथं?" आपल्या ड्रायव्हरचे डोळेच पांढरे झाले. "मालकांचा नियम!"

"कुठला नियम?" नवा ड्रायव्हर म्हणाला. "केबिन सोडायची नाही, तो? तो तर मालकांनी कधीच काढून टाकला. अकरा वर्षं झाली असतील. आगारात फळ्यावर कागद लागला होता की! आम्हाला वाटायचं, तुम्हाला गाडी सोडवत नाही. राखणदार तर म्हणायचा, असा जीव लावणारा माणूस बघितला नाही, भिंतीसमोरून हलत नाही."

आठ वर्षं नियमानं आणि अकरा वर्षं फुकट! बायकोनं त्याच्याकडे बघितलं. तिचे ओठ आधी थरथरले, मग खांदे, आणि मग ती अशी हसत सुटली की झाडाला धरून उभी राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यातलं किती हसण्याचं आणि किती बाकीचं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

"बसा, बसा वहिनी," नवा ड्रायव्हर गडबडीनं बूट घालत सरकला.

"नको भाऊजी," डोळे पुसत ती म्हणाली. "तुमचं चालू द्या. बसची किल्ली तेवढी द्या."

"अगं, बाक आहे ना समोर!" ड्रायव्हर म्हणाला. "एवढी आलीस."

"तुम्ही कधी बसलाच नाहीत, तर मी त्याच्यावर कोणाशेजारी बसू?"

बसच्या पायऱ्या तिला चढवताना त्याच्या नाकी नऊ आले. खालून हा ढकलतोय, वरून ती दांडा धरून स्वतःला ओढतेय, आणि दोघंही एकमेकांना हळू, हळू म्हणताहेत. क्लीनरच्या सीटकडे बोट दाखवून तिनं ह्याला तिथं बसवलं आणि स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर बसली. त्या सीटवर त्याच्या बैठकीचा खळगा पडला होता, तिनं त्यावर हात फिरवला. समोर भिंत. "ही होय ती," ती म्हणाली. मग तिनं टेबलक्लॉथ सुलट करून स्टिअरिंगवर पसरला, आणि आधी डाव्या, मग उजव्या आरशात बराच वेळ बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली, "अगदी तुम्ही सांगितलंत तस्संच आहे."

ड्रायव्हरनं अंडं सोलायला घेतलं.

तेवढ्यात खिडकीच्या काचेवर टकटक झाली. बसमधले एक प्रवासी खाली उभे होते, लालबुंद, हातात दोन बाटल्या. वर न बघताच त्यांनी विचारलं, "ड्रायव्हर, वाजले किती? उशीर तर नाही ना झाला?"

मनोऱ्यावर एक वाजत होता. बायकोनं डाव्या आरशात बघितलं.

"अकराच वाजलेत," ती म्हणाली. "अजून खूप वेळ आहे."